आज रात्री मोबाइल बंद ठेवायचा का? सौर वादळ येतं तेव्हा साखरखेर्ड्यात नेमकं काय बिघडतं

वर्षातून दोन-तीनदा तरी एक मेसेज प्रत्येक गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येतोच. रात्री साडेबारा ते साडेतीन पृथ्वीजवळून घातक किरणं जाणार आहेत, मोबाइल बंद करून अंगापासून लांब ठेवा, नासानं सांगितलंय. खाली हात जोडलेले इमोजी. तारीख कधीच नसते, नुसतं 'आज रात्री'. त्यामुळे हा मेसेज शिळा होत नाही. साखरखेर्ड्यात असो की सिंदखेड राजात, कुणीतरी तो पुढे ढकलतं आणि कुणाची तरी आजी खरोखर फोन उशाखालून काढून कपाटात ठेवते.

मेसेज खोटा आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण सौर वादळ खोटं नाही. आपल्यावर त्याचा परिणाम होतो, आणि तो मेसेजमध्ये लिहिलेला असतो त्यापेक्षा अगदी वेगळ्या ठिकाणी होतो. तुमच्या डोक्यावर होत नाही, कदाचित तुमच्या बांधावर होतो. कसं ते बघू.

मे २०२४ मध्ये काय झालं होतं?

१० आणि ११ मे २०२४ चा तो वीकेंड आठवतोय? इन्स्टाग्राम गुलाबी-हिरव्या आकाशाच्या फोटोंनी भरून गेलं होतं. सूर्यावर ३६६४ क्रमांकाचा सौरडागांचा एक समूह तयार झाला होता. पंधराएक पृथ्वी एका ओळीत मांडाव्यात एवढा तो रुंद होता. तिथून एकामागोमाग एक स्फोट झाले आणि विद्युतभारित कणांचे प्रचंड ढग आपल्या दिशेनं निघाले. शास्त्रज्ञ या ढगाला सीएमई, म्हणजे कोरोनल मास इजेक्शन म्हणतात. अमेरिकेच्या 'नोआ' या संस्थेच्या मोजपट्टीवर भूचुंबकीय वादळांच्या पाच पायऱ्या आहेत, जी-१ ते जी-५. हे वादळ जी-५ होतं. त्याआधीचं जी-५ ऑक्टोबर २००३ मधलं.

भारतात लडाखमधल्या हानले इथल्या वेधशाळेच्या कॅमेऱ्यानं त्या रात्री आकाशात लाल झाक टिपली. आपल्याकडे बुलढाण्यात काहीच दिसलं नाही. हनुमान जयंतीनंतरच्या त्या उन्हाळ्यात आपण उकाड्यानं हैराण होतो, एवढंच.

इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात, कारण बातम्यांमध्ये त्यांची कायम खिचडी होते. एक सौरज्वाला. तो प्रकाश आणि क्ष-किरणांचा झोत असतो. तो साधारण आठ मिनिटांत पृथ्वीवर पोहोचतो आणि दिवसाच्या बाजूचा रेडिओ संपर्क काही काळ बिघडवतो. दुसरा तो कणांचा ढग. त्याला इथे यायला एक ते तीन दिवस लागतात. वादळ करतो तो हा ढग.

पृथ्वी स्वतः एक चुंबक आहे आणि तिचं चुंबकीय क्षेत्र आपल्याभोवती कवचासारखं असतं. सूर्याकडून येणारा ढगही स्वतःचं चुंबकीय क्षेत्र घेऊन येतो. त्या क्षेत्राची दिशा पृथ्वीच्या क्षेत्राच्या दिशेनंच असेल तर ढग बराचसा बाजूनं घसरून जातो. दिशा उलट, म्हणजे दक्षिणेकडे असेल तर मात्र दोन क्षेत्रं एकमेकांना जोडली जातात, कवचाचं दार उघडतं आणि ऊर्जा आत शिरते. लहानपणी दोन चुंबकांशी खेळला असाल तर कळेल. एका बाजूनं ढकलतात, उलटं केलं की खटकन चिकटतात.

आत शिरलेले कण पृथ्वीच्या विषुववृत्तावर, हजारो किलोमीटर उंचीवर गोल फिरायला लागतात. म्हणजे पृथ्वीला विजेच्या प्रवाहाचं एक कडंच पडतं. या प्रवाहाचं चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या विरुद्ध असतं, म्हणून जमिनीवर मोजलं तर आपलं क्षेत्र तेवढा वेळ थोडं कमी झालेलं दिसतं.

किती कमी? भीतीचं उत्तर इथे आहे. महाराष्ट्राच्या अक्षांशावर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा भाग साधारण ३८ हजार नॅनोटेस्ला असतो. मे २०२४ च्या वादळात जगभरची सरासरी घट होती ४०० नॅनोटेस्लाच्या आसपास. म्हणजे जेमतेम एक टक्का. तुमच्या फ्रिजवर चिकटवलेलं साईबाबांचं छोटं चुंबक जवळून काही लाख नॅनोटेस्लांचं असतं. ज्या फोनची भीती घातली जाते, त्याच्या स्पीकरमध्येसुद्धा चुंबक आहे आणि तो आपण रोज कानाला लावतो. राहिला प्रश्न अंतराळातल्या कणांचा. जमिनीवर असलेल्या माणसाला वातावरणाची जाड गोधडी वाचवते. फोन बंद करून त्यात काहीच फरक पडत नाही.

हे सगळं मोजलं कुठे? कुलाब्यात

सौर वादळाची बातमी आली की आपल्याकडे लगेच नासा, अमेरिका सुरू होतं. पण या विषयातली एक फार महत्त्वाची नोंद मुंबईची आहे, आणि ती शाळेच्या पुस्तकात का नाही हा प्रश्न मला पडतो.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सौरडागांचं चित्र काढत असताना त्यांना सूर्यावर एक लख्ख चमक दिसली. साडेसतरा तासांनी ढग पृथ्वीवर आदळला. युरोप-अमेरिकेत तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या. तेव्हा मुंबईत २ सप्टेंबरची सकाळ सरत होती. कुलाबा वेधशाळेत चुंबकीय क्षेत्राची मोजणी तेव्हा डोळ्यांनी केली जायची. एरवी दर तासाला, आणि काही गडबड दिसली की दर पंधरा किंवा पाच मिनिटांनी. त्या दिवशी काटा असा कोसळला की आडवं क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लानं खाली आलं. मे २०२४ च्या चौपट.

जगातल्या इतर अनेक वेधशाळांची उपकरणं त्या वादळात मोजपट्टीच्या बाहेर गेली होती. कमी अक्षांशावरची, सलग आणि वापरता येईल अशी नोंद कुलाब्याची निघाली. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी यांच्यासोबत भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या गुरबक्ष लखिना आणि शोभना अॅलेक्स यांनी या जुन्या वह्यांतले आकडे जगासमोर मांडले. आज 'कॅरिंग्टन वादळ पुन्हा आलं तर काय' असा व्हिडिओ तुम्ही बघता, तेव्हा त्यातल्या तीव्रतेच्या आकड्यामागे बहुधा कुलाब्यातल्या त्या निरीक्षकांची पाच-पाच मिनिटांची मेहनत असते.

एवढंच नाही. ४ फेब्रुवारी १८७२ च्या वादळात तर खुद्द मुंबईत अरोरा, म्हणजे ध्रुवीय प्रकाश दिसल्याची नोंद आहे. रविवार होता. मुंबई ते एडन समुद्राखालची तार काही तास विस्कळीत झाली होती. म्हणजे 'आपल्याकडे असलं काही होत नाही' हेही पूर्ण खरं नाही. फार क्वचित होतं, एवढं म्हणता येईल.

पुढे मुंबईत विजेच्या ट्रामचं घाटत होतं. ट्रामच्या विजेनं नाजूक चुंबकीय मोजमाप बिघडलं असतं. तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी वेधशाळेसाठी समुद्रापलीकडे अलिबाग निवडलं. लोखंड टाळून इमारत बांधली गेली, १९०४ पासून तिथे नोंदी सुरू झाल्या आणि १९०६ पर्यंत कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे मोजणी ठेवली, म्हणजे जुने आणि नवे आकडे जुळवता यावेत. ट्राम १९०७ मध्ये धावली आणि १९६४ मध्ये बंदही पडली. अलिबागची वेधशाळा आजही सुरू आहे. तिची संस्था, भारतीय भूचुंबकत्व संस्था, नवीन पनवेलला आहे.

मग लोणारचं काय?

बुलढाण्याचा विषय आणि चुंबकाची गोष्ट म्हटल्यावर कमेंटमध्ये लोणार येणारच, म्हणून आधीच घेतो. लोणारच्या दगडांजवळ होकायंत्र भरकटतं, तिथल्या मोठ्या मारुतीची मूर्ती चुंबकीय दगडाची आहे, असं आपण ऐकत आलोय. यातला दगडाचा भाग समजण्यासारखा आहे. लोणार असो की साखरखेर्डा, आपल्या पायाखाली काळा बेसाल्ट आहे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यात मॅग्नेटाइट नावाचं लोहखनिज असतं. लाव्हा थंड होताना त्या काळच्या पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा त्या खनिजात गोठून राहते. दख्खनच्या खडकाचा मोठा भाग थंड झाला तेव्हा पृथ्वीचं क्षेत्र आजच्या उलट होतं, उत्तरेच्या जागी दक्षिण. आपल्या विहिरीतून निघालेल्या दगडातसुद्धा ही नोंद असू शकते. मला ही गोष्ट कोणत्याही व्हायरल दाव्यापेक्षा भारी वाटते.

पण सौर वादळाशी लोणारचा संबंध नाही. दगडातलं चुंबकत्व लाखो वर्षं टिकतं, वादळ एक-दोन दिवसांत ओसरतं. 'सौर वादळामुळे लोणारमध्ये ऊर्जा वाढली' असं कुणी पाठवलं तर सोडून द्या.

खरा फटका कुठे?

विजेचं ग्रिड म्हणाल, तर १३ मार्च १९८९ ला कॅनडाच्या क्युबेक प्रांताचं ग्रिड दीड मिनिटात कोसळलं आणि साठ लाख लोक नऊ तास अंधारात होते. ते ध्रुवाच्या जवळ आहेत, आपण २० अंश उत्तरेला. वादळात जमिनीत तयार होणारे प्रवाह आपल्याकडे बरेच कमी असतात. साखरखेर्ड्याची लाइट जाते त्याची कारणं जमिनीवरच शोधावीत. 'इंटरनेट कायमचं बंद' ही अफवा २०२३ मध्ये जोरात होती. ती कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संगीता अब्दु ज्योती यांच्या २०२१ च्या शोधनिबंधावरून फुगवलेली. त्या निबंधाचा रोख समुद्राखालच्या लांब केबल्समधल्या रिपीटर यंत्रांवर होता, आणि धोका मुख्यतः उच्च अक्षांशावरच्या केबल्सना सांगितला होता.

उपग्रहांचं तसं नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टारलिंकचे ४९ उपग्रह सोडले आणि मध्यम म्हणावं अशा वादळानं त्यातले ३८ पाडले. वरचं वातावरण तापून फुगलं आणि खाली उडणाऱ्या उपग्रहांना घर्षण वाढलं. विमानांचंही एक प्रकरण गाजलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये एअरबसनं ए-३२० जातीच्या सुमारे ६००० विमानांना तातडीनं सॉफ्टवेअर बदलायला सांगितलं, कारण तीव्र सौर किरणोत्सर्गानं उड्डाण-संगणकातला डेटा बिघडू शकतो असं कंपनीचं म्हणणं होतं. आपल्याकडे इंडिगो आणि एअर इंडियालाही ते करावं लागलं. मात्र ज्या घटनेवरून हे सुरू झालं, त्या ३० ऑक्टोबरला सूर्यावर फार मोठं काही घडलेलं नव्हतं, म्हणून दोष दूरच्या वैश्विक किरणांचा असावा असंही काही तज्ज्ञांनी म्हटलं.

आता आपल्याकडे येऊ. जीपीएसचे उपग्रह २० हजार किलोमीटर वर आहेत. त्यांचा सिग्नल खाली येताना आयनोस्फिअर नावाच्या विद्युतभारित थरातून येतो. भारतावर हा थर आधीच अवघड आहे, कारण चुंबकीय विषुववृत्त आपल्या दक्षिण टोकाजवळून जातं. तिथून उचललेला प्लाझ्मा दोन्ही बाजूंना पसरून मध्य भारतावर दाट होतो. सूर्यास्तानंतर त्यात पोकळ बुडबुडे तयार होतात आणि सिग्नल त्यातून जाताना लुकलुकतो, ताऱ्यासारखा. भूचुंबकत्व संस्थेचे शास्त्रज्ञ कोल्हापुरातून कॅमेऱ्यानं हे बुडबुडे टिपत आलेत. वादळ आलं की हा थर आणखी बेभरवशाचा होतो. कधी बुडबुडे वाढतात, कधी उलट दबतात.

समृद्धी महामार्गावर मॅप लावून चाललेल्या गाडीला पाच-दहा मीटरच्या चुकीनं काही फरक पडत नाही. जमीन मोजणीला पडतो. भूमी अभिलेख खात्याचे मोजणीदार आता साखळीऐवजी रोव्हर घेऊन येतात. रोव्हरला सेंटिमीटरची अचूकता लागते. थर अशांत असेल तर यंत्राला 'फिक्स' मिळत नाही, आकडा तरंगत राहतो. अनुभवी मोजणीदार अशा वेळी थांबतो. घाईत घेतलेला आकडा मात्र नकाशावर जाऊन बसला, तर दोन भावांमधल्या हातभर बांधाचा वाद पुढची वीस वर्षं कोर्टात चालू शकतो. मे २०२४ मध्ये अमेरिकेत मक्याच्या पेरणीच्या ऐन हंगामात जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर याच कारणानं शेतात थांबले होते. आपल्याकडे फवारणीचे ड्रोन वाढतायत. तेही जीपीएसवरच उडतात.

इशारा मिळतो का? मिळतो, पण कमी वेळ आधी. भारताचं आदित्य-एल १ हे यान २ सप्टेंबर २०२३ ला निघालं (कुलाब्याच्या नोंदीला त्याच दिवशी १६४ वर्षं पूर्ण झाली होती, योगायोगच) आणि ६ जानेवारी २०२४ ला १५ लाख किलोमीटरवरच्या आपल्या जागी पोहोचलं. त्यावरची सूर्याची छायाचित्रं घेणारी 'सूट' दुर्बीण पुण्याच्या आयुकाची. ढग निघाल्याचं एक-दोन दिवस आधी कळतं. पण त्याच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा उत्तर की दक्षिण, हे तो यानापाशी आल्यावरच नक्की होतं. तिथून पृथ्वीपर्यंत उरतो साधारण अर्धा-पाऊण तास.

सूर्याचं अकरा वर्षांचं चक्र ऑक्टोबर २०२४ च्या सुमारास शिखरावर होतं. शिखर उतरतानाही मोठी वादळं येतात. २००३ चं शिखर उलटून गेल्यावरच आलं होतं. त्यामुळे पुढची दोन-तीन वर्षं 'जी-४', 'जी-५' असे शब्द बातम्यांत येत राहतील. ते आले आणि तुमच्या शेताची मोजणी त्याच दिवशी असेल, तर मोजणीदाराला फिक्स मिळतोय का एवढं विचारा. मिळत नसेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बोलवा. फेब्रुवारी ते एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या महिन्यांत सूर्यास्तानंतरची मोजणी तर नकोच.