कोन रस्त्याचा, माप शरीराचे : रेसिंग सायकलच्या फ्रेमचा इतिहास

#थ्रेड

१/११
रत्नागिरीहून आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याला जाणारा रस्ता समुद्राच्या कडेने चढतो आणि तितक्याच तीव्रतेने उतरतो. अशा रस्त्यासाठी रोड बाइक घेताना तरुण सायकलस्वार बहुधा एकच प्रश्न विचारतात : ‘खरी रेसिंग’ फ्रेम कोणती? हा प्रश्नच चुकीचा आहे. तो का, हे सायकलचा इतिहास सांगतो.

२/११
पेनी-फार्दिंगमध्ये पायडल थेट पुढच्या उंच चाकाला जोडलेले असे. त्यामुळे स्वाराच्या पायाच्या लांबीवरून चाकाचे माप ठरे. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ आणली. साखळी मागचे चाक फिरवू लागली, चाके जवळजवळ सारखी झाली. आता स्वाराचे माप चाकात नव्हे, फ्रेममध्ये बसवावे लागणार होते.

३/११
पुढे हिऱ्याच्या आकाराची फ्रेम रूढ झाली. तिचे दोन कोन महत्त्वाचे : सीटखालच्या नळीचा आणि हँडलखालच्या नळीचा. कोन कललेले असले की सायकल लांब आणि स्थिर होते, खड्ड्याचा धक्का सौम्य लागतो. कोन उभे केले की चाकांमधले अंतर घटते आणि हँडल चपळ होते.

४/११
१९०३ ची पहिली टूर द फ्रान्स बव्हंशी कच्च्या रस्त्यांवर झाली. तेव्हाच्या शर्यतीच्या सायकलीही लांब आणि कललेल्या कोनांच्या होत्या. रस्ते सुधारत गेले तसे कोन उभे होत ७३ अंशांच्या आसपास स्थिरावले. आजची ‘रेसिंग भूमिती’ ही चांगल्या डांबरी रस्त्याची देणगी आहे.

५/११
या दृष्टीने आपल्याकडच्या काळ्या सायकलीकडे पुन्हा पाहावे. हर्क्युलस, ॲटलस, हीरो या रोडस्टरचे कोन ६८ अंशांच्या आसपास, चाके २८ इंची. दुधाचे कॅन आणि डबलसीट घेऊन ती कच्च्या वाटेने निमूट चालली. तिला मागासलेली म्हणणे अन्यायाचे आहे. तिचे कोन तिच्या रस्त्याला साजेसेच होते.

६/११
मापाबाबत मात्र तिने स्वाराची पर्वा केली नाही. फ्रेम प्रामुख्याने २२ किंवा २४ इंची. दांडीखालून पाय घालून ‘हाफ पायडल’ मारत शिकलेल्या पिढ्या या तुटवड्याच्या साक्षीदार आहेत. ‘लेडीज’ सायकलची दांडी खाली आली ती पेहरावासाठी. उंचीचा विचार तिथेही नव्हता.

७/११
रेसिंग फ्रेममध्ये मापे बारकाईने मिळत : ५२, ५४, ५६ सेंटिमीटर. दांडी आडवी असल्याने सीटखालच्या नळीची लांबी हेच माप. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात माइक बरोज यांनी रचलेल्या जायंट टीसीआरने दांडी तिरपी केली. फ्रेम आटोपशीर झाली. स्मॉल, मीडियम, लार्ज एवढ्या मोजक्या मापांत काम भागू लागले.

८/११
त्यानंतर ‘५४’ हा आकडा नावापुरता उरला. म्हणून तुलनेसाठी दोन मोजमापे पुढे आली. पायडलच्या आसाच्या केंद्रापासून हँडलखालच्या नळीच्या माथ्यापर्यंतचे उभे अंतर म्हणजे स्टॅक; आडवे अंतर म्हणजे रीच.

९/११
साधारण ५४ मापाच्या शर्यतीच्या फ्रेमचा स्टॅक ५४० मि.मी.च्या, तर रीच ३८५ च्या आसपास असतो. त्याच मापाच्या एन्ड्युरन्स फ्रेममध्ये हे आकडे ५७५ आणि ३७५ च्या जवळ जातात. माप एकच, पण दुसरीत हँडल साडेतीन सेंटिमीटर उंच आणि थोडे जवळ. दोन-तीन तासांनंतर हा फरक मान, मनगट आणि कंबर सांगते.

१०/११
एन्ड्युरन्स फ्रेम म्हणजे ‘वयस्कांची सायकल’ हा समज इतिहासाला धरून नाही. खडबडीत रस्त्यासाठी लांब, स्थिर सायकल ही शर्यतीचीच जुनी परंपरा. पावसाळ्यानंतरचे कोकणातले रस्ते, आंबा घाटाची वळणे, आरे-वारेचे उतार : इथे बहुतेकांना तीच अधिक शहाणपणाची. शर्यतीत उतरणाऱ्याने उभ्या कोनांची फ्रेम अवश्य घ्यावी. केवळ रुबाबासाठी घेऊ नये.

११/११
दुकानात जाताना कंपनीचे नाव आणि रंग बाजूला ठेवावेत. दोन फ्रेमचे स्टॅक-रीच कागदावर शेजारी लिहावेत. सीट वर-खाली करता येते. आखूड वा लांब फ्रेम मात्र हँडल बदलून थोडीच सावरते. रोडस्टरच्या काळात शरीराला फ्रेमशी जुळवून घेण्यावाचून पर्याय नव्हता. आज पर्याय आहे. तो असताना आपणहून चुकीच्या मापावर बसणे, हे त्या हाफ पायडलवाल्या मुलांपुढे शोभणारे नाही.