दारिद्र्याचें मूळ धर्मांत कीं शेतसाऱ्यांत?

विलेपार्ल्याच्या बिस्किटांचा पुडा पोंचला नाहीं असें खेडें आज विरळा. तो कारखाना १९२९ सालीं निघाला. आरंभीं तेथें गोळ्या व मिठाई होत असे. बिस्किटें सुमारें दहा वर्षांनीं निघूं लागलीं. २०१६ सालीं तेथील भट्टी थंड झाली, तरी गांवाचें नांव पुड्यावर राहिलें. कारखाना काढणारें चौहान घराणें गुजराती, आणि पार्ल्याचे पुष्कळ जुने रहिवासी कॅथलिक ख्रिस्ती. प्रॉटेस्टंट पंथाचा या उभारणीशीं कांहीं संबंध नव्हता.

हें सांगण्याचें कारण असें. जर्मनींतील माक्स वेबर नांवाच्या पंडितानें १९०४-०५ सालीं प्रतिपादन केलें कीं, युरोपांत भांडवलदारीची जी वृत्ति उपजली तीस प्रॉटेस्टंट पंथाची शिकवण बरीच कारण झाली. आपला धंदा हीच ईश्वरानें नेमलेली सेवा मानावी, काटकसरीनें राहावें, नफा चैनींत उडवूं नये, अशी ती शिकवण. वेबरसाहेबांस न्याय दिला पाहिजे. इतर धर्मीयांस कारखाना काढतां येत नाहीं, असें त्यांचें म्हणणें नव्हतें. पहिला अंकुर कोठें फुटला, एवढाच त्यांचा प्रश्न. त्यावरचा वाद अद्याप मिटला नाहीं. इटलींतील कॅथलिक शहरांत पेढ्या त्यापूर्वींच भरभराटल्या होत्या, हें विरुद्ध पक्षाचें बळकट प्रमाण. परंतु अशा मतांतून आमच्याकडे सोईस्कर अर्थ काढितात कीं, कुणब्याचें व सुतार-कुंभाराचें दारिद्र्य त्यांच्या धर्मांत व स्वभावांतच आहे. यास आमची हरकत आहे.

आमच्याच मुलखांतील दाखला घ्या. टॉमस माल्थस हा इंग्लंडांतील प्रॉटेस्टंट पाद्री. शरीराच्या गरजा या सुस्त मनुष्यास जागें करण्याची ईश्वरी योजना होय, असा विचार त्यानें १७९८ च्या ग्रंथांत मांडिला. १८०५ पासून तो हेलिबरीच्या कॉलेजांत अर्थशास्त्र शिकवी, आणि कंपनी सरकारचे मुलकी अंमलदार तेथें तयार होऊन इकडे येत. त्यांपैकीं प्रिंगल यानें १८३० च्या सुमारास पुणें जिल्ह्यांत जमिनीच्या निव्वळ उत्पन्नाचा हिशोब करून शेंकडा ५५ भाग सरकारचा ठरविला. कागदावर हिशोब देखणा, पण मोजणी चुकीची व उत्पन्न फुगविलेलें. रयत जमिनी टाकून परागंदा झाली, आणि पुढें गोल्डस्मिड व विंगेट यांस इंदापुरापासून नव्यानें मोजणी सुरू करावी लागली.

मग हा दोष पाद्र्याच्या धर्माचा काय? तसेंही म्हणवत नाहीं. ज्या खंडाच्या सिद्धांतावर प्रिंगलनें भिस्त ठेविली तो विशेषेंकरून रिकार्डोच्या नांवावर मोडतो, आणि रिकार्डो ज्यू कुळांत जन्मलेला. सरकारास पैसा हवा होता. शास्त्र त्याच्या कामीं आलें, इतकेंच.

आतां दुसरी बाजू पाहा. जोतीराव फुले १८४१ ते १८४७ पर्यंत पुण्यांत स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकले. ती शाळाही प्रॉटेस्टंटांचीच. सर्व माणसें एका निर्मिकाचीं लेकरें, हा विचार जोतीरावांनीं पाद्र्यांपासून किती घेतला, टॉमस पेनच्या लेखनांतून किती व स्वानुभवांतून किती, याविषयीं मतभेद आहेत. परंतु १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' पुरा करितांना त्यांनीं दारिद्र्याचा दोष शेतकऱ्याच्या आळसावर ढकलला नाहीं. सारा, पट्ट्या, सावकार, कोर्टकचेरी व भटांची दक्षिणा यांवर त्यांनीं बोट ठेविलें. एकाच पंथाच्या छायेंत एकास भुकेंत ईश्वराची योजना दिसली, दुसऱ्यास माणसाचा अन्याय दिसला!

तेव्हां धर्म मेहनत करावयास शिकवील, पण मेहनतीचें फळ कोणाच्या पदरांत पडावें हें कायदा, कर, व्याजाचा दर व बाजारभाव ठरवितात. काटकसर चांगली, व्यसन वाईट, यांत वाद नाहीं. परंतु ज्याच्या कणगींत कांहीं उरतच नाहीं त्यानें राखावें तरी काय?

यास्तव शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, पाद्री असो, भट असो, नाहीं तर प्रोफेसर असो, जो तुमच्या गरिबीचें कारण तुमच्या स्वभावांत दाखवील त्याच्यापुढें आपल्या घरचा हिशोब ठेवा. बियाणें, खत, मजुरी, व्याज, अडत आणि हातीं आलेला भाव अशा ओळी मांडा, आणि आळस यांपैकीं कोणत्या ओळींत आहे तें विचारा. तुमच्या मुलामुलींस हा हिशोब लिहावयास येईल तेव्हां असे उपदेशक आपोआप गप्प बसतील.