जोतिबांच्या नावानं

10 मार्च 2025 रोजी अजित पवारांनी राज्याचा 7 लाख 20 कोटी रुपयांचा अर्थसंकल्प मांडला. तो सावित्रीबाई फुल्यांचा स्मृतिदिन. 1897 साली पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्यांना मरण आलं. त्या संध्याकाळी पनवेलजवळच्या आमच्या कामोठ्यात मात्र दोनच प्रश्न फिरत होते: लाडकी बहीण योजनेत 2100 रुपये मिळणार का, आणि सीएनजी गाडी महागणार का. सरकारी दवाखान्यांच्या पदरात काय पडलं, हे कुणी विचारलं नाही. मास्तर, डॉक्टर, इंजिनीअर, बँकवाले, सगळे शिकलेले लोक आहोत आम्ही.

आम्हाला हिशोब कळत नाही म्हणावं, तर तसंही नाही. पनवेल महापालिका 2016 साली झाली आणि 2021मध्ये तिनं मागच्या तारखेपासूनच्या मालमत्ता कराची बिलं घरोघर धाडली, तेव्हा हेच कामोठे पेटून उठलं. सिडकोला सेवाशुल्क दिलंय, पुन्हा कर कसला, म्हणून मोर्चे निघाले, लोक हायकोर्टापर्यंत गेले. भांडण रास्तच होतं. पण कर किती भरायचा यावर कंबर कसणारा माणूस, भरलेला कर कुठे जातो हे विचारताना गप्प का होतो? 2017च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं सांगितलं होतं, 2020पर्यंत राज्यांनी आपल्या अर्थसंकल्पाचा आठ टक्क्यांहून अधिक हिस्सा आरोग्यावर खर्च करावा. श्रीमंत म्हणवणारा महाराष्ट्र अजून पाच टक्क्यांच्या आसपासच घुटमळतोय. त्यासाठी सायन-पनवेल हायवेवर एक तरी मोर्चा निघालेला माझ्या पाहण्यात नाही.

या सगळ्याला उत्तर म्हणून योजना पुढे केली जाते. जुलै 2012मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपला रायगडही होता. पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली, 2017मध्ये तिला महात्मा जोतिराव फुल्यांचं नाव मिळालं. 1 जुलै 2024पासून पिवळं, केशरी, पांढरं रेशनकार्ड असा भेद न राहता वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचं संरक्षण लागू झालं. ही लहान गोष्ट नव्हे. बायपास, डायलिसिस, केमोथेरपी यांपायी जमीन विकणारी घरं या योजनेनं वाचवली आहेत आणि तिला नावं ठेवायला मी बसलेलो नाही.

पण ही योजना ऑपरेशनचे पैसे देते, दवाखाना उभारत नाही. रोजच्या शुगर-बीपीच्या गोळ्या तिच्यात येत नाहीत; ॲडमिट व्हाल तरच ती तुमच्याकडे बघणार. सरकार योजनेवर पैसे मोजतं आणि सरकारी दवाखान्यात नर्सची खुर्ची रिकामी राहते. 2016-17 ते 2021-22 या काळाची तपासणी करून महालेखापरीक्षकांनी हेच लिहिलं: परिचारिकांची सुमारे एक तृतीयांश पदं भरलेलीच नव्हती. ऑक्टोबर 2023च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात 24 तासांत 24 जण दगावले, त्यांतली 12 नवजात बाळं होती. जिथं हात आणि औषधं कमी पडतात, तिथं कार्ड दाखवून काय होणार? चार दिवस टीव्हीवर आरडाओरडा झाला. पाचव्या दिवशी आपण क्रिकेटकडे वळलो.

आता योजनेच्या टेबलाकडे या. योजनेत असलेल्या पनवेल परिसरातल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं टेबल असतं. त्यापुढे पाटणहून, शिराळ्याहून आलेली म्हातारी प्लास्टिकच्या पिशवीतून रेशनकार्ड काढते. ती कामोठ्यात पुतण्याकडे उतरलेली असते, कारण इथं सातारा-सांगलीचं अर्धं गाव येऊन राहिलंय. कार्ड ऑनलाइन दिसत नाही, किंवा आधारवरचं नाव आणि कार्डावरचं नाव जुळत नाही. मग पुतण्या रजा टाकून तहसील कचेरीचा शिक्का आणायला रात्रीची एसटी पकडतो. कागद जमले की पुढचा प्रश्न: हे पॅकेजात बसतं का? बसत असेल तर, योजनेचा बेड रिकामा आहे का? क्लेमचे पैसे सरकारकडे थकले की कोणत्याही रुग्णालयाचे योजनेचे बेड पटकन भरतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. शेवटी पुतण्या नगरसेवकाकडे जातो, तिथून आमदारांची चिठ्ठी, आणि काम झालं की चौकात फ्लेक्स लागतो. म्हातारी आयुष्यभर म्हणत राहते, साहेबांनी जीव वाचवला.

मला राग येतो तो या कृतज्ञतेचा. म्हातारीचा नव्हे, तिला ती शिकवणाऱ्या आपला. काडेपेटीपासून डिझेलपर्यंत प्रत्येक खरेदीवर तिनं कर भरलेला असतो. जोतिबांनी 1882 साली हंटर कमिशनपुढे नेमकं हेच मांडलं होतं: सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि त्याचा लाभ वरच्या वर्गाला मिळतो. त्यांचा मुद्दा शिक्षणाचा होता. आज त्यांचंच नाव कार्डावर छापून आपण रयतेला चिठ्ठीसाठी रांगेत उभं केलंय.

वरचा वर्ग कोण, हेही सांगतो. कंपनीचा मेडिक्लेम असलेले आपणच. सरकारी दवाखान्याशी आपलं देणंघेणं उरलं नाही, म्हणून तो कसा चाललाय याची लाजही उरली नाही. कामवाली बाई आजारी पडली की पाचशेची नोट देऊन आपण पुण्य पदरात पाडतो. तिच्याच वस्तीत आपले पुढारी वाढदिवसाला मोफत शिबिर घेतात, बीपी मोजतात, फोटो काढतात. आणि मुलाच्या फीसवलतीसाठी खोटा उत्पन्नाचा दाखला काढणारेही आपल्याच इमारतीत राहतात. त्यांना आपण चोर म्हणत नाही, हुशार म्हणतो.

गेल्या खेपेला सोसायटीच्या वार्षिक सभेत मी एक साधा ठराव मांडू पाहिला. उपजिल्हा रुग्णालयात मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि योजनेचे किती क्लेम थकलेत, हे माहितीच्या अधिकारात विचारायचं आणि अधिवेशनाआधी आमदारांना पत्र द्यायचं. पार्किंग आणि सीसीटीव्ही यांवर दोन तास गेले. माझा मुद्दा ‘ऐनवेळचे विषय’मध्ये होता. सेक्रेटरी म्हणाले, काका, हा आपल्या सोसायटीचा विषय नाही, आणि चहा मागवला. अर्ज मी माझ्या नावानं दिलाय. आमदारांच्या पत्रासाठी सह्यांचा कागद लिफ्टशेजारच्या नोटीस बोर्डावर आहे. पेनही बांधून ठेवलंय.