'सुमारे' या शब्दाची किंमत

आमच्या विद्यार्थ्यांचा सनावळीवर मोठा भरवसा. उत्तरात नेमका सन लिहिला की गुण पदरात पडलेच! म्हणून भूगोलाच्या तासाला 'सुमारे ६३,००० वर्षांपूर्वी' असे शब्द कानी पडले की, 'म्हणजे शास्त्रज्ञांनाही ठाऊक नाही तर!' असे त्यांना वाटते. हा समज दूर व्हावयास हवा.

गंगोत्रीच्या हिमनदीचेच उदाहरण घ्या. आज ती गोमुखाशी संपते. एके काळी मात्र ती तेथून सुमारे ४० किलोमीटर खाली, झाला गावापर्यंत पोचली होती. ही हकीकत कोणा बखरकाराने लिहून ठेवलेली नाही. ती दगडवाळूने सांगितली. हिमनदी पुढे सरकताना धोंडे वाहून आणते आणि मागे हटताना त्यांचे बांध तेथेच टाकून जाते. त्यांस हिमोढ म्हणतात. बर्फातून उघड्या पडलेल्या धोंड्यावर अंतराळातील विश्वकिरणांचा मारा सुरू होतो आणि त्यातील गारेच्या कणांत बेरिलियम-१० हे द्रव्य अतिशय मंद गतीने साठू लागते. ते मोजले की धोंडा किती वर्षे उघडा आहे, हे कळते. गाडल्या गेलेल्या वाळूने शेवटचा सूर्यप्रकाश केव्हा पाहिला, हेही मोजता येते. वरील ६३,००० वर्षांचा आकडा याच रीतीने निघाला.

परंतु धोंडा मागाहून कलंडला असेल तर वय कमी भरते; पूर्वीही कधी उघडा राहिला असेल तर अधिक भरते. म्हणून अनेक धोंड्यांची साक्ष घ्यावी लागते आणि 'सुमारे' म्हणावे लागते. हे अज्ञान नव्हे; हा प्रामाणिकपणा आहे.

तो सुटला म्हणजे काय होते? हवामानबदलाविषयीच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या २००७ सालच्या अहवालात, हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याचा फार संभव आहे, असे छापले गेले. त्यास भक्कम आधार नव्हता, हे समितीने जानेवारी २०१० मध्ये मान्य केले. हिमनद्या मागे हटत आहेत, हे सत्यच आहे; पण एका निराधार सनामुळे त्या सत्यावरही लोक शंका घेऊ लागले.

भोपाळकरांना बर्फाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. आपल्या शेजारीच भीमबेटका आहे. विष्णु श्रीधर वाकणकरांनी १९५७ साली प्रकाशात आणलेल्या तेथील चित्रांवरही सन लिहिलेला नाही. तेथेही हाच विवेक लागतो. तेव्हा आम्ही शिक्षकांनी परीक्षेत 'केव्हा?' या प्रश्नापाठोपाठ 'कशावरून?' हेही विचारावे, आणि गुण दोहोंना सारखेच द्यावेत.