औषधदान नव्हे, देणं

मागच्या क्षमावणीला कारखान्यात नेहमीप्रमाणे पेढे वाटले. ह्यांनी प्रत्येक कामगारापुढे हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हटलं. मामांची पाळी आली. त्यांनीही हात जोडायला घेतले, पण उजवा तळवा डाव्याला टेकेचना. बोटांची टोकं तेवढी जुळली. मामा ओशाळून हसले आणि डाव्या हातानं पेढा घेतला.

तो पेढा मला दिवसभर टोचत राहिला.

इचलकरंजीत घरामागे माग असणं नवीन नाही. आमचे आठ माग आहेत. आषाढात बीम चढवताना मामांचा पाय तेलकट फरशीवरून सटकला. पडताना माणूस हात टेकतो, तसा त्यांनी टेकला आणि मनगट मोडलं. दिवाणजींनी त्यांना जवळच्या हाड बसवणाऱ्याकडे नेलं. लवकर काम होतं, पैसेही कमी लागतात. त्यानं कामट्या लावून करकचून बांधलं. रात्री बोटं सुजून काळीनिळी पडली, तेव्हा कुठे दुसऱ्या दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. एक्स-रे, हाड सरळ करणं, प्लास्टर. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर रक्तपुरवठा बंद पडून हात गमवावा लागला असता. हाड बसवणाऱ्याला मी नावं ठेवत नाही. त्याच्याकडे न्यायचं ठरवलं आम्ही.

दवाखान्याचं बिल आम्ही भरलं. सासूबाई म्हणाल्या, "पर्युषणाच्या तोंडावर औषधदान घडलं, पुण्य लागेल." तेव्हा मीही मान डोलावली. आज ते पटत नाही.

आपल्याकडे आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दानं सांगतात. जे आपल्यावर बंधन नाही ते दिलं तर दान. आमच्या कापडासाठी, आमच्या फरशीवर, आमचं बीम उचलताना हात मोडला, तर तो बरा करून देणं हे दान कसं? ते देणं आहे, वाण्याच्या उधारीसारखं. कायदाही तेच सांगतो. कामावरच्या इजेची भरपाई मालकानं द्यायची हे १९२३ सालापासून आहे, आणि २००९ च्या दुरुस्तीनं औषधपाण्याचा प्रत्यक्ष खर्चही मालकावर आला. मोठ्या कारखान्यातल्या कामगाराला ईएसआयचा आधार असतो. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या आमच्यासारख्या घरात तो नसतो, म्हणून आमच्यावरचा भार उलट जास्तच.

आणि देणं प्लास्टर कापल्यावर फिटत नाही. चूक झाली ती इथेच. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं आणि घरात सगळे म्हणाले, हात मोकळा झाला, सोमवारपासून या. पण जोडलं गेलं ते हाड. सांधा आखडलेला, दंडाचे स्नायू वाळलेले, मुठीत जोर नाही. मनगटाला पूर्वीची ताकद यायला पुढे कित्येक महिने लागतात. प्लास्टर असतानाही बोटं आणि खांदा हलवत राहायचं असतं. ते डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं, इंग्रजीत. मामांनी कागद जपून ठेवला आणि हात झोळीत. कागद मला वाचता येत होता. मी एकदाही मागून घेतला नाही. दूध, नाचणी, राजगिरा मात्र न चुकता पाठवत होते. खाण्यानं हाडाला बळ मिळतं, सांधा वळत नाही.

फिजिओथेरपीला ते दोनदा जाऊन थांबले. का, ते मी क्षमावणीनंतर त्यांच्या घरी जाऊन विचारलं. मामी म्हणाल्या, "वहिनी, एक खेप म्हणजे एक खाडा." हिशोब एवढा साधा होता. आम्ही दवाखान्याचे हजारो रुपये भरले आणि खाड्याच्या मजुरीसाठी हात आखडला.

आपण पाणी गाळून पितो, सूर्यास्ताआधी जेवतो, मुंगीला जपतो. हे मी हसण्यावारी नेत नाही, मीही ते सगळं पाळते. पण फरशीवरचं तेल रोज पुसायचं की नाही, हा प्रश्न माझ्या मते त्याच यादीतला आहे. प्रमादातून घडते तीही हिंसाच, असं आपण बस्तीत ऐकतो. मग ते कारखान्याच्या दाराशी का थांबावं?

मी वही मागवली. मामांचा खर्च दिवाणजींनी 'धर्मादाय' खात्यात टाकला होता. तो खोडून पगाराच्या खात्यात लिहायला लावला. फिजिओथेरपीच्या दिवसांची पूर्ण मजुरी सुरू केली, मागची बाकीही दिली. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मामा तागे मोजायला बसू लागले. बीमला हात लावायचा नाही. तंबाखूनं हाड जुळायला वेळ लागतो, हे डॉक्टरांनी सांगितलंय. मामा माझ्यासमोर तरी खात नाहीत.

फिजिओथेरपिस्टनं दिलेला एक व्यायाम म्हणजे नमस्कारच. तळवे जुळवायचे, कोपरं हळूहळू वर न्यायची, दुखेल तिथे थोडं थांबायचं. दुपारच्या चहाला मामा तो करतात. तळवे आता बरेच टेकतात. पूर्ण नाही.

ह्यांना माझं सगळं पटलेलं नाही. "असं करत बसलो तर धंदा कसा व्हायचा?" म्हणतात. सुताचे भाव बघता त्यांची काळजी खोटी नाही. फरशी मात्र रोज पुसली जाते. बीम वाहायची ट्रॉली अजून आलेली नाही. दिवाळीच्या आत आणू म्हणालेत.