मदत कोणाचीही, नेतृत्व आपले

काही वर्षांपूर्वी एका कंपनीने आमच्या विद्यार्थ्यांसाठी संगणक दिले. समारंभाच्या दिवशी पाहुणे दोन तास उशिरा आले. तोपर्यंत पाचवी-सहावीची मुले कंपनीचे नाव छापलेल्या टोप्या घालून उन्हात रांगेने उभी होती. त्यांना तेथे उभे करणारे आम्ही शिक्षकच होतो. संगणकांचा पुढे पुष्कळ उपयोग झाला, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्या दोन तासांत आपली मुले काय शिकली, हा प्रश्न आम्हाला आजही स्वस्थ बसू देत नाही. या स्मरणिकेच्या निमित्ताने तो आम्ही माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधवांपुढे ठेवीत आहोत.

ज्याला सीएसआर म्हणजे उद्योगांचे सामाजिक उत्तरदायित्व म्हटले जाते, त्याचे स्वरूप प्रथम समजून घेतले पाहिजे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीचे निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावयाची असते. ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. कायद्याच्या सातव्या अनुसूचीत शिक्षणाचा समावेश आहे, तसाच सामाजिक व आर्थिकदृष्ट्या मागास घटकांच्या वाट्याला आलेली विषमता कमी करण्याच्या उपायांचाही आहे. जे कायद्याने द्यावयाचे असते, ते स्वीकारताना मान खाली घालण्याचे कारण नाही.

तथापि, एवढ्याने कंपनीची जबाबदारी संपत नाही. स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या लाभासाठी केलेला खर्च या २ टक्क्यांत धरला जात नाही, आणि ते योग्यच आहे. कामगाराचा हक्क हे समाजकार्य नव्हे. पण म्हणूनच सीएसआरच्या अहवालावरून कारखान्याच्या फाटकाआत काय चालते ते कळत नाही. इतिहास येथे उपयोगी पडतो. मुंबईच्या धनिकांच्या देणग्यांतून रुग्णालये, शाळा, धर्मशाळा उभ्या राहिल्या. त्याच मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना अधिक मजुरीच्या विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. तुटलेला धागा थुंकी लावून जोडावा लागे आणि विटाळाच्या भीतीने सवर्ण कामगार त्यांना तेथे येऊ देत नसत. मालकांनीही ती रीत चालू दिली. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला.

तथागतांनी सिगालोवाद सुत्तात मालकाची कर्तव्ये सांगितली आहेत: सेवकाला त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, गोडधोड वाटून खावे, वेळोवेळी सुट्टी द्यावी. या यादीची सुरुवात आपल्याच दारात काम करणाऱ्या माणसापासून होते.

मग भांडवलदारांचा पैसा घेऊच नये काय? काही समाजबांधवांचे तसे मत आहे. आम्हाला ते पटत नाही. २० जुलै १९२४ रोजी स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या अध्यक्षपदी सर चिमणलाल सेटलवाड होते. उपाध्यक्षांतही समाजाबाहेरील मान्यवर होते. मात्र व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्षपद, म्हणजे प्रत्यक्ष कारभाराची सूत्रे, बाबासाहेबांकडे होती. पुढे ४ जानेवारी १९२५ रोजी सभेने सोलापुरात वसतिगृह सुरू केले. साहाय्य सर्वांचे घ्यावे, परंतु दिशा आपण ठरवावी, हा धडा आपल्याला शंभर वर्षांपूर्वीच मिळालेला आहे.

आज जग बदलले आहे. सरकारी नोकऱ्या आक्रसत आहेत, कंत्राटी काम वाढत आहे आणि खाजगी क्षेत्रात आरक्षण नाही. अशा वेळी आपल्यासारख्या संस्थांनी काही नियम स्वतःवर घालून घ्यावेत. कंपन्यांचा निधी प्रयोगशाळा, ग्रंथालय, इमारत अशा कामांसाठी अवश्य घ्यावा. पण मुलांचे रोजचे जेवण त्यावर अवलंबून ठेवू नये, कारण कंपनीचे धोरण एका बैठकीत बदलू शकते. तो भार समाजाच्या वर्गणीने उचलावा, मग ती वर्गणी कितीही लहान असो. कोणत्याही देणगीसाठी मुलांना प्रदर्शनाची वस्तू करू नये.

आपले अनेक माजी विद्यार्थी आज कंपन्यांत जबाबदारीच्या पदांवर आहेत. शाळेसाठी निधी मिळवून देण्याची त्यांची तळमळ आम्ही जाणतो. त्यांच्याकडे आमचे आणखी एक मागणे आहे. आपल्या कार्यालयात झाडलोट करणाऱ्या कंत्राटी कामगाराला किमान वेतन व भविष्य निर्वाह निधी मिळतो काय, भरतीच्या वेळी आडनाव पाहिले जाते काय, हे त्यांनी बैठकीत विचारावे. असे विचारणे अवघड असते आणि त्याची किंमतही मोजावी लागते. आमच्या मते नेतृत्वाची खरी कसोटी तेथेच लागते.

राहिला प्रश्न आमचा. यापुढे कोणीही देणगीदार आले तरी मुले उन्हात उभी राहणार नाहीत. ती वर्गात शिकत असतील. पाहुण्यांनी वर्गात यावे, मागच्या बाकावर बसावे आणि तास संपेपर्यंत थांबावे. त्यांचे मनःपूर्वक स्वागत आहे.