गाण्यात मुद्दा कुठे आहे?

महाबोधी महाविहाराच्या मुक्तीसाठी १२ फेब्रुवारी २०२५ला बोधगयेत उपोषण सुरू झालं. पुढे त्यावरची गाणी आमच्या वस्तीतही पोहोचली. मोबाइलवर, रिक्षात, जयंतीच्या डीजेवर. मुलांना ती तोंडपाठ आहेत. विहारातल्या एका बैठकीत आम्ही सहज विचारलं, महाविहार नेमकं कुणाच्या ताब्यात आहे? कुणी म्हणालं सरकारच्या, कुणी म्हणालं पंड्यांच्या. एक जण नुसतंच म्हणाला, 'त्यांच्या'. १९४९च्या कायद्याचं नाव कुणी घेतलं नाही.

दोष मुलांचा नाही. गाण्यात तो कायदा नव्हताच. 'मुक्त करा' होतं, 'आमचं आहे' होतं, ढोल जबरदस्त होता.

खरं तर मुद्दा चार ओळींत बसणारा आहे. बोधगया मंदिर कायद्याने नेमलेल्या समितीत चार बौद्ध, चार हिंदू आणि अध्यक्ष म्हणून जिल्हाधिकारी. म्हणजे तथागतांना जिथे बोधी प्राप्त झाली, तिथल्या कारभारात बौद्धांचं बहुमत नाही. त्यातही २०१३च्या दुरुस्तीपर्यंत अट अशी होती की जिल्हाधिकारी हिंदू नसेल तर सरकारने दुसरा हिंदू अध्यक्ष नेमायचा. हे ऐकल्यावर आमच्या शेजारचे बौद्धेतर लोकही 'असं कसं?' म्हणतात. तो 'असं कसं' गाण्यातून निघायला हवा.

कायद्याचं गाणं होतं का, असं विचारणाऱ्यांनी आपले जलसे आठवावेत. भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी तमाशाचा साचा उचलला, पण आतला माल बदलला. मंदिरप्रवेश, शिक्षण, जुन्या रूढी असे विषय सवाल-जवाबात आणले. समोरच्याची शंका रंगमंचावर बोलायची आणि तिथेच तिला उत्तर मिळायचं. ऐकणारा बहुतेक निरक्षर. पण घरी जाताना तो मुद्दा घेऊन जायचा. वामनदादा कर्डक तर मोठेपणी अक्षरं शिकले, आणि त्यांची गाणी दोन-तीन पिढ्यांची शाळा झाली. (गाण्याने धम्माचं गांभीर्य जातं, असं म्हणणाऱ्या आमच्या काही ज्येष्ठ उपासकांनी दीघनिकायातलं सक्कपञ्ह सुत्त काढावं. पंचशिखाच्या वीणेला आणि गाण्याला भगवंतांनी दाद दिली आहे.)

डीजेला सरसकट शिव्या घालणाऱ्यांत मात्र आम्ही नाही. २०१५ साली शिर्डीत भीमगीताच्या रिंगटोनवरून एका तरुणाचा खून झाला. जिथे मोबाइलचा आवाजही काहींना सहन होत नाही, तिथे चौकात मोठ्याने गाणं लावणं हे स्वतःच एक म्हणणं आहे. आमची मुलं ते बरोबर ओळखतात. पण ते म्हणणं एवढंच, की आम्ही इथे आहोत. आमची मागणी न्याय्य का, हे त्या आवाजात कळत नाही. आणि ज्याला पटवायचं आहे तो तर खिडकी लावून घेतो.

कडुबाई खरातांकडे एकतारी आणि खडा आवाज. त्या मोबाइलवरून घराघरात गेल्या, त्या काही भिंती हादरवून नाही. बाबासाहेबांमुळे बाईच्या संसारात काय आलं, हे त्या घरातल्या गोष्टी सांगत गातात. ऐकणाऱ्याला पुरावा समोर दिसतो. गौरवाच्या शंभर विशेषणांना हे जमत नाही. आजची निम्मी भीमगीतं तर नाव बदललं तर कुठल्याही पुढाऱ्याच्या वाढदिवसाला चालतील. हे बोलायला कडू आहे, पण ऐकून बघा.

रॅप करणाऱ्या पोरांकडून आम्हाला जास्त आशा आहे. रॅपमध्ये शब्द भरपूर मावतात, हिशेब मांडता येतो, समोरच्याशी वादही घालता येतो. सवाल-जवाबाचाच तो धाकटा भाऊ म्हणा ना.

त्या बैठकीनंतर आमच्यातल्या दोघांनी कायद्याची प्रत मागून घेतली. आठ दिवस ती ढोलकीशेजारी पडून होती. आता पहिला अंतरा झाला आहे, त्यात समितीतल्या खुर्च्या मोजल्या आहेत. दुसऱ्यात समोरचा माणूस विचारतो, 'चार-चार म्हणजे समान वाटाच की, मग तक्रार कसली?' त्याला उत्तर काय द्यायचं, यावर रोज रात्री विहाराच्या ओट्यावर भांडण चालू आहे.